द लोरॅक्स

डॉ. स्यूस या टोपणनावाने लिहिणारे अमेरिकी लेखक व चित्रकार थिओडोर स्यूस गायझल (१९०४–१९९१) यांचे प्रदूषण आणि जंगलतोडीवरील विनोदी, पद्यबद्ध चित्रपुस्तक. प्रथम प्रकाशन रॅन्डम हाउस, १९७१.

जून १९६९ मध्ये क्लीव्हलंड शहरात कायहोगा नदीवरच्या तेलकट कचऱ्याने पेट घेतला होता. एप्रिल १९७० मध्ये पहिला वसुंधरा दिन पाळला गेला. गायझल अशा प्रदूषणाने संतापले होते, पण लिहायला बसले की मजकुराचे व्याख्यान होई. १९७० साली केनियाच्या प्रवासात हत्तींचा कळप दिसला आणि हाताशी असलेल्या धोब्याच्या यादीवर बहुतेक सारे पुस्तक एका दुपारी उतरले.

वन्सलर नावाचा उद्योगी गृहस्थ ट्रफ्युला झाडांच्या रंगीत गोंड्यांपासून ‘थ्नीड’ विणतो. सदरा म्हणा, मोजा म्हणा, सायकलच्या सीटची खोळ म्हणा, हवी तशी वापरावी अशी ही वस्तू. किंमत ३ डॉलर ९८ सेंट. तोडलेल्या झाडाच्या बुंध्यातून मिशाळ, बुटका लोरॅक्स उगवतो आणि झाडांच्या वतीने भांडू लागतो. तो गोड मुळीच नाही. चांगला कटकट्या आहे. तिकडे एका घावात चार झाडे पाडणारे यंत्र येते, धुराने हंसांचे गळे बसतात आणि पाणी गढूळल्यावर मासे परांवर चालत दुसरे तळे शोधायला निघतात. हसू येते ते नेमके याच चित्रांना.

वन्सलरचा चेहरा पुस्तकात कुठेच नाही, दिसतात ते फक्त हिरवे हात. आपल्याच नासाडीची कहाणी तो पैसे घेऊन सांगतो: पंधरा सेंट, एक खिळा आणि खापरपणजोबाच्याही बापाच्या वयाच्या गोगलगाईचा शंख. सगळे उजाड झाले तरी तो ही दक्षिणा आधी नीट मोजून घेतो. पुस्तकातली सर्वांत बोचरी थट्टा हीच.

लाकूडतोडीवर पोट असलेल्या कॅलिफोर्नियातील लेटनविल गावात १९८९ साली हे पुस्तक शाळेच्या सक्तीच्या वाचनातून काढण्याची मागणी झाली. पुस्तकातला एरी सरोवराच्या घाणीवरचा टोमणा मात्र वेगळ्या कारणाने गेला. सरोवर सुधारल्याचे ओहायोतून पत्राने कळवण्यात आले आणि पुढील आवृत्त्यांतून गायझल यांनी तो गाळला.

१९७२ मध्ये दूरचित्रवाणीसाठी आणि २०१२ मध्ये पडद्यासाठी यावर अॅनिमेशनपट झाले. दुसऱ्याच्या प्रसिद्धीत लोरॅक्स माझदाच्या मोटारीची जाहिरात करताना दिसला. वन्सलरला ही कल्पना आवडली असती.