क्षयाच्या आड राहिलेले जंतू : सोलापूरची एक बाजू

सोलापुरात १८७७ मध्ये पहिली कापड गिरणी सुरू झाली आणि अवघ्या पाच वर्षांनी, १८८२ मध्ये, बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले; म्हणजे गिरणगाव म्हणून झालेली या शहराची वाढ आणि क्षयाविषयीचे आधुनिक ज्ञान ही जवळजवळ एकाच वयाची आहेत. गिरण्यांतील कापसाची धूळ, पूर्व भागातील विणकरांची माग आणि संसार एकाच खोलीत सामावणारी घरे, विडी वळणाऱ्या बायकांच्या श्वासात दिवसभर जाणारी तंबाखूची भुकटी यांमुळे खोकला येथे पाचवीलाच पुजलेला होता, आणि तो लांबला की क्षयाची शंका घेणे स्वाभाविक होते. ही शंका बहुधा खरीही ठरे. पण तिच्यामुळे त्याच कुळातील दुसऱ्या जंतूंचा विचार मागे पडला.

क्षय आणि कुष्ठरोग यांचे जंतू वगळता मायकोबॅक्टेरियांच्या उरलेल्या दीडशेहून अधिक जातींना क्षयेतर मायकोबॅक्टेरिया म्हणतात. त्या माती-पाण्यात राहतात, नळाच्या व टाकीच्या आतल्या बुळबुळीत थरात वाढतात आणि क्लोरीनलाही बऱ्याच अंशी पुरून उरतात. एकरुखच्या तलावापासून उजनीपर्यंत पाण्याचा शोध घेत आलेल्या आणि आजही काही दिवसांआड येणारे पाणी बॅरल-हौदांत भरून ठेवणाऱ्या सोलापूरला ही गोष्ट परकी मानता येणार नाही.

१९६२ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम थुंकीच्या तपासणीवर उभा होता. सोलापूरचे वैद्यकीय महाविद्यालय त्याच्या पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, सुरू झाले. काचपट्टीवर थुंकी पसरायची, लाल रंग देऊन आम्लाने धुवायची, आणि निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या दिसल्या की क्षय, अशी ही स्वस्त व जलद पद्धत होती. तिने असंख्य जीव वाचवले, याविषयी दुमत नाही. परंतु क्षयेतर जंतूही तसेच लाल दिसतात. फरक कळतो तो कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहिल्यावर. अमेरिकेत टिंपी आणि रनियन यांनी १९५४ मध्ये या जंतूंचे गट पाडले; त्यांतील कॅन्ससाय जातीची वाढ उजेडात ठेवल्यावर पिवळी पडते, तर फॉर्च्युइटम व अ‍ॅब्सेसस आठवड्याभरातच वाढतात, ज्यासाठी क्षयाच्या जंतूला अनेक आठवडे लागतात.

ही गल्लत रुग्णाला महागात पडते. यांतील अनेक जाती क्षयाच्या नेहमीच्या गोळ्यांना मुळातच दाद देत नाहीत, त्यामुळे औषध घेऊनही थुंकीत जंतू दिसत राहिले की औषधाला न जुमानणारा क्षय असा शिक्का बसतो आणि अधिक जहाल औषधे सुरू होतात. जुन्या क्षयाने फुप्फुसांवर व्रण ठेवलेल्या माणसाला हा संसर्ग लवकर गाठतो. फुप्फुसाबाहेरही तो दिसतो: दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची उपकरणे नीट निर्जंतुक न झाल्यास टाक्यांच्या जागी काही आठवड्यांनी गाठी येतात, त्या फुटून वाहतात आणि साध्या प्रतिजैविकांनी भरत नाहीत. अलीकडे सीबीनॅट ही जनुकीय चाचणी क्षयाचाच जंतू ओळखते. काचेवर लाल काड्या भरपूर आणि सीबीनॅट मात्र नकारात्मक, असे घडल्यास या जंतूंचा संशय घेऊन कल्चर पाठवणे भाग आहे. निदान झाले तर रुग्णाला घरच्यांपासून वेगळे ठेवण्याची सहसा गरज नसते, कारण हा आजार साधारणपणे माणसाकडून माणसाला लागत नाही; उपचार मात्र थुंकी जंतुमुक्त झाल्यावरही सुमारे वर्षभर चालू ठेवावे लागतात, आणि राष्ट्रीय कार्यक्रमातील मोफत औषधयोजना क्षयासाठी आखलेली असल्याने त्या खर्चाचा भार माग चालवणाऱ्या कुटुंबावर येऊ शकतो.