कपाटबांधणी, घरगुती

शयनगृहातील कपडे, साड्या व पांघरुणे यांसाठी प्लायवूडचे कपाट स्वतः माप घेऊन, आखून व जोडून उभे करणे. शहरी सदनिकांत हे काम बहुधा सुतार चौरस फुटाच्या दराने करतो. मात्र गुण्या, ओळंबा, पाणसळ आणि ड्रिल यांची सवय असलेल्या कोणालाही ते जमण्यासारखे आहे. खरी कसोटी कापण्याची नसून कागदावर आखण्याची असते. आखणी चुकली तर महाग प्लायही वाया जाते.

जुन्या वाड्यांत जाड भिंतीतले फडताळ, कोनाडे, खुंट्या आणि पेट्या यांवर भागत असे. गोदरेजने 1923 मध्ये पोलादी कपाटे बनवायला घेतली आणि पुढे आरसा व आतली तिजोरी असलेले ते कपाट मराठी घरांत रुळले. छताला भिडणारे लाकडी कपाट लोकप्रिय झाले ते सदनिकांच्या आखूड खोल्यांमुळे. पूर्वी सुतार सरस शिजवून सांधे चिकटवत; 1959 मध्ये फेव्हिकॉल बाजारात आल्यावर ते कष्ट वाचले.

कपाटाचे माप प्लायच्या शीटवरून ठरते. शीट 8 बाय 4 फुटांचे, म्हणजे सुमारे 2440 बाय 1220 मि.मी. असते. उभे दोन भाग केले, की पात्याने खाल्लेला भाग वजा जाऊनही 600 मि.मी.च्या दोन पट्ट्या निघतात. शर्ट अडकवलेल्या हँगरला बाह्या धरून साधारण 55 सें.मी. जागा लागते, म्हणून दोन फूट खोली नेमकी पुरते. सरकते दरवाजे हवे असल्यास रुळांसाठी आणखी तीनेक इंच धरावे लागतात आणि शीटचा हिशेब बिघडतो. पहिल्या कपाटाला कब्ज्यांचेच दरवाजे करावेत.

चार फूट रुंद, सात फूट उंच कपाट घेऊ. एका शीटमधून दोन्ही बाजू निघतात, दुसऱ्यातून दोन्ही दरवाजे. तिसऱ्याच्या एका पट्टीतून मधला उभा पडदा आणि दुसरीतून तळ व माथा मिळतो. चौथ्यातून कप्प्यांच्या आठ फळ्या होतात. पाठीला 6 मि.मी.चे एक शीट. म्हणजे 18 मि.मी.ची चार आणि पातळ एक. उरलेल्या तुकड्यांत पायपट्टी निघते. हे कटिंग दुकानातल्या मोठ्या यंत्रावरच करून घ्यावे. तिथली कड सरळ येते. शिवाय 18 मि.मी.चे अखंड शीट तीसेक किलोंचे असते आणि लिफ्टमध्ये मावत नाही. तुकडे वर नेणे सोपे.

प्लाय घेताना आय.एस.आय. शिक्का पाहावा. सर्वसाधारण प्लायसाठी आय.एस. 303 आणि मरीन प्लायसाठी आय.एस. 710 ही मानके आहेत. कोकण-मुंबईच्या दमट हवेत किंवा न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीपाशी वरच्या प्रतीचे प्लाय घेणे शहाणपणाचे. पण ओल झिरपणाऱ्या भिंतीला कोणतेही प्लाय पुरून उरत नाही. आधी भिंत दुरुस्त करावी, मग पाठीमागे इंचभर मोकळी हवा ठेवावी.

फळीच्या लांबीबाबत लोक हमखास फसतात. दर फुटावरचे ओझे तेच ठेवून लांबी दुप्पट केली, तर फळीचा बाक दुप्पट होत नाही, सोळापट होतो. त्यामुळे 18 मि.मी.ची फळी अडीच फुटांपलीकडे आधाराविना नेऊ नये. मधला पडदा त्यासाठीच असतो. फळीचे वरचे रेषे आधारापासून आधारापर्यंत, लांबीच्या दिशेने धावायला हवेत. पैठणीसारख्या जरीच्या साड्या मलमलीत गुंडाळून आडव्याच ठेवतात. त्यांना हँगरची दांडी नको, उथळ कप्पे हवेत.

खोका जमिनीवर आडवा जोडतात आणि मग उभा करतात. इथे छत आडवे येते. सात फूट उंच, दोन फूट खोल खोका उचलताना त्याचा कर्ण सुमारे 7 फूट 3½ इंच भरतो, तो खोलीत सहज फिरतो. नऊ फुटी कपाटाचा कर्ण मात्र सव्वानऊ फुटांच्या जवळ जातो आणि नऊ फुटी छताखाली ते कधीच उभे राहणार नाही. म्हणून वरचा माळा वेगळा खोका करून चढवतात. स्क्रू आवळण्याआधी दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे आले तरच खोका काटकोनात आहे. फरक राहिला तर दरवाजे कधीच नीट मिटत नाहीत, आणि असा खोका नंतर सरळ करणे फार जिकिरीचे असते.

खोका भिंतीला नव्हे, ओळंब्याला लावायचा. आपल्याकडची भिंत क्वचितच सरळ असते. उरलेली फट पट्टीने झाकता येते. तीन-चार इंची पायपट्टी आधी पाणसळीत बसवली की फरशी पुसताना पाणी प्लायला लागत नाही. वाळवीचा उपद्रव असल्यास औषध फवारणी कपाट बसवण्यापूर्वीच करून घ्यावी. शेवटी माथ्याकडून लोखंडी कोन लावून खोका भिंतीला आवळावा. मुले उघड्या खणांवर चढतात, तेव्हा मोकळे कपाट पुढे कोसळू शकते.

दरवाजाला सनमायका दोन्ही बाजूंनी लावावा, नाहीतर तो एकीकडे वाकतो. कब्ज्याच्या वाटीसाठी 35 मि.मी. व्यासाचे, साधारण 12 मि.मी. खोल भोक पाडतात. ड्रिलला खोलीची खूण बांधली नाही तर ते आरपार जाऊन सनमायका फुटतो. सात फुटी दरवाजाला चार कब्जे लागतात. त्यांच्या स्क्रूंनी दरवाजा डावा-उजवा आणि मागे-पुढे सरकवता येतो, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर ही जुळणी पुन्हा एकदा करावी लागते.