ज्ञानकोशातील बाहेरच्या दुव्यांचा वाद

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील पथकर नाक्यामुळे मावळ तालुक्यातील उर्से गावाचे नाव प्रवाशांच्या परिचयाचे झाले. अशा गावाची माहिती एखाद्या विद्यार्थ्याला मराठीतून हवी असेल, तर तो बहुधा मराठी विकिपीडियाकडे वळतो. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या या मुक्त ज्ञानकोशात गावांवरचे लेख पुष्कळ आहेत. त्यांपैकी अनेकांत मजकूर जेमतेम काही ओळींचा आणि खाली दुव्यांची यादी, असे चित्र दिसते. जनगणनेचे आकडे मांडणारी खासगी संकेतस्थळे, केंद्रीय पर्यटन खात्याचे मुखपृष्ठ, रेल्वेचे संकेतस्थळ. गावामागून गाव तीच यादी. हे दुवे खोटे नसतात. पण त्यांवरून गावापर्यंत पोहोचता येत नाही.

ज्ञानकोशात बाहेरचा दुवा दोन प्रकारे येतो. लेखातील विधानाचा आधार म्हणून दिलेला तो संदर्भ आणि अधिक वाचनासाठी लेखाच्या शेवटी दिलेला तो बाह्य दुवा. वाद बहुतांशी दुसऱ्या प्रकाराचा. विकिपीडिया हा दुव्यांचा संग्रह नव्हे, हे त्याचे जुने धोरण आहे. विक्रीसाठी चालविलेली किंवा नोंदणीविना न उघडणारी स्थळे सहसा टाळावीत, आणि स्वतःच्या संकेतस्थळाचा दुवा स्वतः न घालता लेखाच्या चर्चापानावर सुचवावा, असे संकेत इंग्रजी आवृत्तीने घालून दिले आहेत.

शैक्षणिक संकेतस्थळांचे चालक येथेच दुखावतात. मजकूर विनामूल्य, हेतू विद्यार्थ्यांचे हित, मग जाहिरातीचा आरोप कशासाठी, असा त्यांचा सवाल असतो. संपादकाला मात्र एकाच सदस्याने एकाच स्थळाचे दुवे ओळीने अनेक लेखांत घातलेले दिसतात आणि तो ते सरसकट काढून टाकतो. दोघांचेही म्हणणे निराधार नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयाने आपल्या डिजिटल संग्रहांचे दुवे विकिपीडियावर दिले आणि त्यामुळे संग्रहांकडे वाचक वळल्याचा अनुभव २००७ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच वर्षी जानेवारीत इंग्रजी विकिपीडियाने बाहेरच्या सर्व दुव्यांना अशी खूण जोडली, की त्यांच्या आधारे शोधयंत्रांनी त्या स्थळांचे वजन वाढवू नये. जाहिरातदारांचा लाभ त्यामुळे घटला. प्रामाणिक स्थळांनाही तीच खूण लागली.

मराठीत हा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण दुवा द्यावा अशी भरवशाची स्थळेच थोडी. त्यांत अग्रभागी मराठी विश्वकोश. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईहून सिद्ध झालेल्या या कोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. शासकीय प्रकाशनावरील स्वामित्वहक्क भारतीय कायद्यानुसार प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे परवानगीविना तो मजकूर उतरवून घेणे पहिल्या खंडापुरतेही २०३६ अखेरपर्यंत शक्य नाही. दुवा देण्यास अशी आडकाठी नाही. श्रीधर व्यंकटेश केतकरांची गोष्ट वेगळी. त्यांचे निधन १९३७ मध्ये झाले. त्यांच्या स्वतःच्या लेखनावरील हक्क १९८७ अखेर संपला. ते लेखन ज्ञानकोशात थेट घेता येते, अर्थात शंभर वर्षांपूर्वीची माहिती तपासूनच.

चांगला दुवाही टिकतोच असे नाही. विश्वकोशाचे खंड महाजालावर प्रथम ज्या पत्त्यावर होते, तेथून ते पुढे शासनाच्या मराठी भाषेच्या संकेतस्थळाखाली गेले. असे स्थलांतर झाले की जुन्या पत्त्याचे दुवे एकेक करून सुधारावे लागतात. हे काम करणारे स्वयंसेवक मोजकेच, आणि दुवा बंद दिसला की तो दुरुस्त करण्यापेक्षा खोडणे सोपे.

मावळातील गावांच्या लेखांना उपयोगी पडतील अशी साधने दुर्मिळ नाहीत. पुणे जिल्ह्याची जनगणना पुस्तिका गावनिहाय आकडे देते. १८८५ मध्ये तीन भागांत निघालेले पुण्याचे गॅझेटियर स्वामित्वहक्कातून केव्हाच मुक्त झाले आहे. मात्र त्यांचे दुवे देताना मुखपृष्ठाचा नव्हे, तर नेमक्या पानाचा पत्ता द्यावा लागतो, आणि त्यासाठी ते पान आधी कोणी तरी वाचलेले असावे लागते.