बुलेटचं इंजिन आणि जर्मनचं पातेलं

जुनी बुलेट हाती लागली की पहिला मोह एकच: इंजिन आरशासारखं चकचकीत करायचं. थांबा. आधी त्या धातूची गोष्ट ऐका, मग ब्रश घ्या.

ॲल्युमिनियम एकेकाळी मिरवायची चीज होती. १८८४ मध्ये वॉशिंग्टन स्मारकाच्या अगदी टोकावर त्याचा छोटा पिरॅमिड बसवला. दोनच वर्षांनी, १८८६ मध्ये, अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू यांनी विजेच्या जोरावर हा धातू काढायची सारखीच पद्धत शोधली, तीही एकमेकांचा पत्ता नसताना. भाव कोसळला. १८९८ मध्ये आल्फ्रेड चॅटर्टन यांनी मद्रासच्या आर्ट स्कूलमध्ये त्याची भांडी बनवायला घेतली. आपल्या आज्या याच भांड्यांना ‘जर्मनची’ म्हणायच्या. आणि १९५५ मध्ये त्याच मद्रासमध्ये बुलेटसाठी एनफील्ड इंडिया उभी राहिली.

आता इंजिनाकडे या. जुन्या ३५० सीसी बुलेटचं सिलिंडर बिडाचं, तर क्रँककेस आणि कव्हरं ॲल्युमिनियमची. म्हणजे एकाच इंजिनावर दोन प्रकारचा गंज. बिडाचा गंज तांबडा. तो सुटून पडतो आणि खालचं लोखंड पुन्हा उघडं करतो. ॲल्युमिनियमवर मात्र हवा लागताच ऑक्साइडचा पातळ पापुद्रा धरतो आणि तोच आतला धातू राखतो. कोकणातल्या खाऱ्या हवेत मीठ हा पापुद्रा फोडतं. मग पांढरी भुकटी दिसते आणि खाली बारीक खड्डे पडतात. तेव्हा भुकटी काढायची, धातू नाही.

कसं? इंजिन गार असू द्या. कार्ब्युरेटर आणि सायलेन्सरची तोंडं बंद करा. तेलकट चिखल रॉकेलने, मग कोमट पाणी, साधा साबण आणि नायलॉनचा ब्रश. हट्टी डागाला मऊ पितळी ब्रश, हलक्या हाताने. कॉस्टिक किंवा धुण्याचा सोडा अजिबात नको. सोड्याने जर्मनचं पातेलं काळं पडतं, हे आज्यांना रसायनशास्त्र न शिकता माहीत होतं! शेवटी कोरडं पुसा आणि मेणाचा पातळ हात द्या. पॉलिश फक्त कव्हरांना, कारण कारखान्यात चकाकी तेवढ्यांनाच होती. ओतीव क्रँककेस मुळातच खरखरीत आणि मंद दिसायची.

सँड ब्लास्टिंगची घाई तर करूच नका. वाळूचा एक कण तेलाच्या वाटेत अडकला तरी बेअरिंग खातो. मी एका गॅरेजात बफिंग केलेली क्रँककेस पाहिली. चकाकत होती झकास, पण इंजिन नंबर बोटाने चाचपूनही लागेना. मालक आरसी हातात धरून नुसता बघत उभा. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, पण इंजिनात मोठा फेरबदल केलेला चालत नाही. अशा वेळी तो ठोकलेला नंबरच गाडीची ओळख सांगतो.

म्हणून माझं मत सरळ आहे: जुनं इंजिन स्वच्छ करा, नवं करायला जाऊ नका. ओतकामाच्या खुणा, पान्याचे ओरखडे, ठोकलेले आकडे ही त्या गाडीची कागदपत्रंच आहेत. ती घासून गेली की कुठल्याच दुकानात परत मिळत नाहीत.

भेटू पुढच्या भागात. तोवर पावसात भिजलेली गाडी पुसायला विसरू नका!