निवडुंग कुणाचा?

शेताच्या बांधावर गाजरगवत माजले आहे. ते उपटायचे कुणी? ‘ज्याचा बांध त्याने’ असे उत्तर आपण चटकन देऊन टाकतो. पण बांध सामाईक असेल तर? शेजारची जमीन पडीक असेल, मालक शहरात राहत असेल तर? पलीकडे रस्ता किंवा गायरान असेल तर? तणाचे बी सातबारा पाहून पडत नाही. ते वाऱ्याने, पाण्याने, पाखरांच्या पोटातून हवे तिथे जाते. म्हणून हा साधा वाटणारा प्रश्न एका देशाला पन्नास वर्षे छळत राहिला. तो देश म्हणजे ऑस्ट्रेलिया आणि ते तण म्हणजे आपल्या ओळखीचा फड्या निवडुंग.

निवडुंग मूळचा अमेरिका खंडांतला. १७८७ मध्ये कॅप्टन आर्थर फिलिप इंग्लंडहून कैद्यांची पहिली तुकडी घेऊन ऑस्ट्रेलियाला निघाले, तेव्हा वाटेत ब्राझीलहून त्यांनी निवडुंगाची रोपे घेतली. कशासाठी? तर या निवडुंगावर जगणाऱ्या कोचिनील नावाच्या किड्यापासून किरमिजी रंग मिळतो. त्या काळी हा रंग फार महाग होता, त्याच्या व्यापारावर स्पेनची पकड होती, आणि ब्रिटिश सैनिकांचे कोट लाल होते. रंगाचा उद्योग काही उभा राहिला नाही, पण निवडुंग आणण्याची वाट पडली. पुढे खरा उच्छाद मांडला तो दुसऱ्याच जातीने, ‘ओपन्शिया स्ट्रिक्टा’ने. १८३९ च्या सुमारास न्यू साउथ वेल्समधील स्कोन या गावी ही जात एका कुंडीतून आली, असे सांगतात. दुष्काळात गुरांना चारा होईल, काटेरी कुंपण होईल, म्हणून लोकांनी हौसेने फडे नेऊन लावले.

यानंतर काय झाले ते समजण्यासाठी निवडुंगाची रचना आठवू या. ज्याला आपण पान समजतो तो फड म्हणजे त्याचे खोड. तो तुटून जमिनीवर पडला की तिथेच मूळ धरतो. म्हणजे नुसते तोडणे हीच एक प्रकारची लागवड! शिवाय फळे पक्षी खातात आणि बिया दूरवर टाकतात. मूळ देशात त्याला खाणारे किडे होते. इथे ते नव्हते.

१८८६ मध्ये न्यू साउथ वेल्समध्ये निवडुंग नष्ट करण्याचा कायदा झाला. कायद्याचे सूत्र सरळ होते : ज्याच्या ताब्यात जमीन, त्याने तिच्यावरील निवडुंग काढलाच पाहिजे. देखरेखीला निरीक्षक नेमले. तरीही निवडुंग पसरतच राहिला. १९०० मध्ये त्याने सुमारे १ कोटी एकर जमीन व्यापली होती. १९२५ पर्यंत हा आकडा ६ कोटी एकरांवर गेला. हे क्षेत्र आपल्या महाराष्ट्राच्या जवळजवळ तीन-चतुर्थांश इतके होते. त्यातली निम्मी जमीन तर इतकी गच्च भरली होती, की तिथे गुरे चारणेही अशक्य झाले.

कायदा निष्प्रभ का ठरला? शेतकरी आळशी होते म्हणून नव्हे. एक एकर साफ करायला जो खर्च येई, तो बऱ्याच ठिकाणी त्या एकराच्या किमतीहून जास्त होता. तोडून, जाळून, आर्सेनिक व गंधकाम्लाचे जहाल मिश्रण टोचून लोक थकले. एखाद्याने कष्टाने रान मोकळे केलेच, तरी शेजारच्या रानातून पाखरे पुन्हा बी आणून टाकत. आणि हा शेजारी पुष्कळदा खुद्द सरकारच असे, कारण मोठ्या पडीक जमिनी सरकारच्याच होत्या. दंडाची भीती घालता येते, पण भीतीने निवडुंग मरत नाही. अनेक कुटुंबे घरदार सोडून निघून गेली, आणि सोडलेल्या जमिनीवर निवडुंगाचे राज्य झाले.

क्वीन्सलँड सरकारने १९०१ मध्ये रामबाण उपाय शोधणाऱ्याला ५,००० पौंडांचे बक्षीस जाहीर केले आणि १९०७ मध्ये ते दुप्पट केले. बक्षीस कुणालाच मिळाले नाही. मग १९१२ मध्ये निवडुंगाचे नैसर्गिक शत्रू शोधण्यासाठी दोन शास्त्रज्ञांना जगप्रवासाला पाठवले. हेन्री ट्रायन आणि टी. हार्वे जॉन्स्टन हे ते दोघे. ते भारतात आणि श्रीलंकेतही आले, आणि त्याला कारण होते. १७९५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात रंगासाठी म्हणून भारतात कोचिनील किडा आणला गेला. तो निघाला चुकीच्या जातीचा. त्याचा रंग हलका, पण ‘ओपन्शिया मोनाकँथा’ या निवडुंगाचा त्याने फडशा पाडला. तणाचा किड्याकडून बंदोबस्त झाल्याचे हे जगातले अगदी सुरुवातीचे उदाहरण, आणि तेही चुकून घडलेले!

हा किडा १९१४ मध्ये क्वीन्सलँडमध्ये सोडला. तिथलाही मोनाकँथा त्याने संपवला. पण स्ट्रिक्टाला तोंड लावले नाही. दोन्ही निवडुंगच, मग असे का? कारण अशा किड्यांचा आहार एखाद-दुसऱ्या जातीपुरता ठरलेला असतो. ही मर्यादा हाच त्यांचा मोठा गुण, नाहीतर ते पिकांवर तुटून पडतील.

१९२० मध्ये केंद्र सरकार आणि दोन्ही राज्यांनी मिळून एक मंडळ स्थापन केले. १९२५ मध्ये ॲलन डॉड यांनी अर्जेंटिनाहून ‘कॅक्टोब्लास्टिस’ या पतंगाची सुमारे ३,००० अंडी आणली. याच्या अळ्या झुंडीने फडात शिरून तो आतून पोखरतात आणि उरलेला गर कुजून जातो. पिकांना धोका नाही याची चाचणी घेऊन १९२६ मध्ये पतंग सोडले. त्यानंतर अब्जावधी अंडी वाढवून, कागदाला चिकटवून ठिकठिकाणी वाटली. १९३३ च्या सुमारास निवडुंगाची बहुतेक रानेच्या राने कोसळली होती. क्वीन्सलँडमधील बूनार्गा येथे लोकांनी १९३६ मध्ये या पतंगाच्या नावाने स्मारक सभागृह बांधले. ते आजही उभे आहे.

मग जमीनमालकाची जबाबदारी संपली का? नाही, ती पेलण्याजोगी झाली. तुरळक उरलेली झाडे काढणे एका कुटुंबाला शक्य होते. यातून आम्हाला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. तण थोडे असते तेव्हा मालकावर टाकलेली जबाबदारी कामी येते. ते हाताबाहेर गेल्यावर शास्त्र, सरकार आणि शेजार यांना एकत्र यावे लागते. ऑस्ट्रेलियातील २०१४ व २०१५ च्या जैवसुरक्षा कायद्यांनी हे कर्तव्य केवळ मालकापुरते न ठेवता सर्वांवर टाकले आहे, आणि त्यातून सरकारी जमिनीही सुटलेल्या नाहीत.

पण कीटक म्हणजे जादूची कांडी नव्हे. हाच पतंग १९५७ मध्ये कॅरिबियन बेटांवर सोडला गेला. १९८९ मध्ये तो फ्लोरिडात आढळला. तिथे निवडुंग हे तण नाही, मूळची वनस्पती आहे, आणि तिच्या काही दुर्मिळ जातींना आता या पतंगापासून धोका आहे.

आता पुन्हा आपल्या बांधाकडे येऊ. गाजरगवताची भारतातली पहिली ठळक नोंद १९५० च्या दशकात पुण्यात झाली. त्यावर जगणारा मेक्सिकन भुंगा १९८४ मध्ये बंगळूरजवळ सोडण्यात आला. तो पाने खातो, पण गाजरगवत संपलेले नाही. विद्यार्थ्यांना शाळेभोवतीच्या परिसराचा एक नकाशा काढायला सांगावा. गाजरगवत कुठे आहे, आणि ती जागा कुणाची – शेतकऱ्याची, ग्रामपंचायतीची, रस्त्याची की शाळेचीच – याची नोंद करावी. झाडाला उघड्या हाताने स्पर्श मात्र करू देऊ नये. अनेकांना त्याने खाज येते, दमा होतो. नकाशा पुरा झाल्यावर वर्गाला विचारावे, की फुले येण्याआधी हे सगळे उपटायचे ठरवले, तर कुणाकुणाला एकाच आठवड्यात कामाला लागावे लागेल?