तक्षकाचे गणित

भिंतीवर चुकचुकणारी पाल आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. तिचा एक थोरला भाऊबंद ईशान्य भारतापासून इंडोनेशियापर्यंत जंगलांत, आणि माणसांच्या घरांतही, राहतो. लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर, निळसर करड्या अंगावर नारिंगी ठिपके आणि रात्री 'टो-के, टो-के' अशी खणखणीत हाक. त्या हाकेवरूनच त्याला 'टोके' म्हणतात. बंगालीत मात्र त्याचे नाव तक्षक! महाभारतातल्या नागाचे नाव इथे एका पालीला मिळाले आहे.

१७५८ साली लिनियसने या प्राण्याला शास्त्रीय नाव दिले. चिनी वैद्यकात वाळवलेला टोके खोकला-दम्यावरचे औषध म्हणून फार पूर्वीपासून वापरात आहे. २००० साली केलर ऑटम व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या पायावरच्या एकाच सूक्ष्म केसाची पकड मोजली. भिंतीला तो डिंकाने नव्हे, तर रेणूंमधील आकर्षणाने चिकटतो, हे २००२ साली त्यांनी दाखवले.

विज्ञान असे पुढे जात असताना बाजारात अफवा पसरली, की टोके खाल्ल्याने एड्स बरा होतो. याला काहीही आधार नाही, असा इशारा फिलिपाईन्स सरकारला २०११ साली द्यावा लागला. २००४ नंतरच्या दशकभरात एकट्या तैवानने सुमारे दीड कोटी टोके आयात केले.

मग पिंजऱ्यात पैदास केली तर? २०१४ साली इंडोनेशियाने बंदिवासात वाढवलेले तीस लाखांहून अधिक जिवंत टोके निर्यात करण्यास परवानगी दिली. वन्यजीव-व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या 'ट्रॅफिक' या संस्थेने २०१५ साली हिशोब मांडला. वर्षाला दहा लाख पिल्लांसाठी १,४०,००० माद्या, १४,००० नर, पिल्लांसाठी १,१२,००० पिंजरे आणि शेकडो नोकर लागतील. म्हणजे एका मादीमागे वर्षाला सुमारे सात पिल्ले. मादी एका वेळी बहुधा दोनच अंडी घालते, हे लक्षात घेतले की हा आकडा पटतो. तीस लाखांसाठी तर सव्वाचार लाख माद्या हव्यात! एवढा खर्च करण्यापेक्षा जंगलातून पकडणे केव्हाही स्वस्त. 'पाळीव' ही चिठ्ठी कशासाठी लावली जात असावी, हे यातून कळते.

२०१९ साली टोकेचा समावेश 'साइटीस' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात झाला. प्रस्ताव मांडणाऱ्यांत भारतही होता. आता निर्यातीसाठी परवाना लागतो, आणि जंगलातील संख्येला धक्का लागणार नाही याची खात्री करावी लागते.

वरचा हिशोब सातवीच्या वर्गातही करता येईल. त्रैराशिकाने खोटे पकडता येते, हे मुलांना एकदा दिसू द्यावे.