निसर्गचित्राचे मोल

रंगीत खडूंनी कागदावर रेखाटलेले डोंगराचे चित्र पुढे ठेवून चित्रकार ‘हे विकावयाचे आहे’ असे म्हणाला, की आपल्याकडील रसिकांच्या कपाळावर एक बारीकशी आठी उमटते. कलेचा बाजार मांडला, असे एक म्हणतो. खडूच्या चार रेघांना एवढे पैसे कशास, असे दुसरा म्हणतो. पहिला कलेस फार उंचावर बसवितो, दुसरा फार खाली. परंतु चित्र घरी न नेण्याविषयी दोघांचे एकमत असते. या दोन्ही आक्षेपांस इतिहास काय उत्तर देतो, ते येथे पाहण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम साधनाचा विचार करू. कोरडा खडू म्हणजे रंगाची भुकटी आणि ती धरून ठेवण्यापुरता नावाचा गोंद. जलरंग कागदात मुरतो, तैलरंग वाळून कठीण होतो. हा खडू मात्र कागदाच्या खरबरीत अंगावर केवळ बसून राहतो. बोट लागले की रेघ पुसली. म्हणून अशा चित्रास काच हवी, आणि तीही चित्रास न टेकणारी. मेणाचे व तेलाचे खडू अधिक चिकट खरे, परंतु चंद्रपुराकडचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो, तेथे त्यांचाही भरवसा नाही. पुढे पावसाळ्यात बुरशी आहे आणि बारमास वाळवी आहे. तात्पर्य, खडूचे चित्र काढणे स्वस्त, पण ते जगविणे महाग. हे ध्यानात घेतले म्हणजे गिऱ्हाईक या शब्दाचा अर्थ थोडा पालटतो. जो पैसे मोजतो तो चौकटीचाही खर्च करतो, आणि जो चौकट करतो तोच चित्र राखतो.

पेशवाईच्या उत्तरकाळाचेच उदाहरण घ्या. पुण्याच्या दरबारातील इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याच्या पदरी गंगाराम तांबट या नावाचा एक मराठी चित्रकार होता. मॅलेटच्या खटपटीने आणि जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या देखरेखीखाली पुण्यात चित्रशाळा निघाली, तिच्याशी गंगारामाचा संबंध होता. वेरूळच्या लेण्यांची त्याने काढलेली चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. आपल्या माणसाने आपल्या भूमीची काढलेली चित्रे सातासमुद्रांपलीकडे असावीत याचे वाईट वाटते खरे. परंतु एका परक्याने ती मोल देऊन करविली व जपली नसती, तर गंगारामाचे नावही आपणांस ठाऊक झाले असते काय?

याच्या उलट उदाहरण आबालाल रहिमान यांचे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून हा थोर चित्रकार कोल्हापुरास परतला. शाहू छत्रपतींचा आश्रय त्यास लाभला, आणि कोटितीर्थाच्या काठी राहून त्याने पाणी, झाडे व प्रकाश यांचीच उपासना केली. विक्रीची त्यास पर्वा नव्हती. १९२२ साली महाराज निवर्तल्यावर त्याने आपली असंख्य चित्रे तलावात बुडविली, असे सांगतात. दंतकथेचा भाग सोडून दिला, तरी १९३१ साली तो वारला तेव्हा त्याच्या आयुष्यभराच्या श्रमांच्या मानाने मागे राहिलेली चित्रे थोडी होती. ही निःस्पृहता आपण वंदनीय मानतो, आम्हीही मानतो. परंतु एकच आश्रयदाता असलेली कला त्याच्याबरोबरच पोरकी होते, हा धडाही त्यातूनच घ्यावयाचा आहे.

दरबाराची जागा पुढे प्रदर्शनाने घेतली. १८८८ साली बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली, आणि तिच्या वार्षिक प्रदर्शनांतून कोणाही अनोळखी माणसाने चित्र पाहावे व ऐपत असल्यास घ्यावे, ही रीत रुजली. सावळाराम हळदणकरांसारख्यांच्या पुढाकाराने १९१८ साली आर्ट सोसायटी ऑफ इंडिया निघाली. तिकडे पॅरिसात एद्गार दगाने १८९२ साली खडूंनी रंगविलेली निसर्गचित्रे द्युराँ-रुएल या व्यापाऱ्याच्या दालनात मांडली. एवढ्या मोठ्या चित्रकारास विक्रीची लाज वाटली नाही. आपल्याकडील सय्यद हैदर रझा मंडला जिल्ह्यातील बाबरिया गावी १९२२ साली जन्मले; वडील जंगलखात्यात. नागपूर व मुंबई येथे शिक्षण झाले, आणि मुंबईची दृश्ये रंगवीत असता श्लेसिंगर, लायडन अशा युरोपहून आलेल्या रसिकांनी त्यांस आधार दिला. १९५० साली ते फ्रान्सला गेले. त्यांचे ‘तपोवन’ हे १९७२ सालचे चित्र २०१८ साली न्यूयॉर्कच्या लिलावात चाळीस लाख डॉलरांहून अधिक किमतीस गेले. ही रक्कम आम्हांस दिपवीत नाही. आमचे लक्ष जाते ते प्रारंभीच्या त्या लहान खरेदीकडे. उमेदवाराचे चित्र जो घेतो, तो त्यास पुढले चित्र काढण्याची सवड देतो.

आता जिवतीकडे वळू. चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकास, माणिकगडच्या डोंगरपट्ट्यात हा मुलूख आहे; येथे गोंड व कोलाम यांची जुनी वस्ती. राजुऱ्याचा हा सगळा भाग १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानात व नंतर त्या राज्यात होता. मग तो नांदेडास जोडला गेला आणि १९५९ साली चांदा जिल्ह्यात आला. येथील काही गावांवर महाराष्ट्र व तेलंगण दोघेही हक्क सांगतात. सरकारी नकाशांनी या भूमीच्या रेघा कितीदा तरी पुसल्या व पुन्हा ओढल्या. शेजारी गडचांदुरास चुनखडीवर सिमेंटचे कारखाने उभे राहिले. चुनखडीसाठी डोंगर पोखरला जातो, तो पुन्हा भरून येत नाही.

अशा ठिकाणी कोणी तरुणाने माणिकगडचा उतार, ज्वारीचे शेत, सागाची पानगळ खडूंनी टिपली आणि ते चित्र विक्रीस मांडले, तर तो कलेचा बाजार मांडतो असे आम्ही म्हणणार नाही. तो आपल्या भूमीची साक्ष आपल्या हाती देऊ करीत असतो. नकाशात सीमा दिसते, सातबाऱ्यात मालक दिसतो. परंतु त्या डोंगरावर सायंकाळचा उजेड कसा पडे, हे त्या कागदावरच राहील. आणि तोही कोणी भिंतीवर जागा दिली तरच. गंगारामास जागा मिळाली ती परक्याच्या घरी. जिवतीच्या चित्रास ती चंद्रपुरात, राजुऱ्यात, निदान नागपुरात मिळावी, एवढीच आमची अपेक्षा आहे. किंमत विचारण्यात कमीपणा नाही. न विचारता पुढे जाण्यात आहे.